वेंडेल चेंडू देत नाही

"चेंडू दे," मॅनेजर ग्रोगन म्हणाले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

या तळहातापुढे बेसबॉलमध्ये वाद नसतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मुकाट्याने चेंडू त्यावर ठेवतो, बाकावर जाऊन बसतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. वेंडेल क्रायचेकने चेंडू पाठीमागे धरला.

"नाही देत."

"लहान आहेस का रे?"

"सव्वीस पूर्ण. म्हातारा झालो म्हणून सकाळी तुम्हीच सांगितलंत."

नेब्रास्कातल्या आपल्या कॉलेजात वेंडेल पहिल्या क्रमांकाचा पिचर होता. हे खरंच, पण तिथे पिचर तीनच, आणि त्यातला डावखुरा म्हणून घेतलेला फक्त लिहिण्यापुरता डावखुरा निघाला. खेळाडूंच्या निवडीत शेवटच्या फेरीपर्यंत वेंडेलचा फोन वाजला नाही. आठवड्याने वाजला, तोही कुणाचा तरी खांदा निखळला म्हणून. तेव्हापासून चार हंगाम तो आयोवातल्या या गावात, मायनर लीगच्या, म्हणजे दुय्यम साखळीच्या, खालच्या पायरीवर होता. बरोबरची पोरं वर गेली, नवी आली, तीही वर गेली. वेंडेलच्या चेंडूचा वेग बघून यंत्रवाले आधी यंत्र झटकत.

उद्यापासून संघात तुझी जागा नाही, असं ग्रोगननी सकाळी त्याला सांगितलं होतं. निरोप म्हणून आज सातवा डाव तुझा. त्या डावात आता दोन गडी बाद होते, तिसरा बाद झाला की डाव संपणार होता; पण तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी धावायला टपले होते आणि आघाडी एका धावेची होती. निरोप समारंभ लांबत चालला होता.

बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा कॅचर यादिएल मास्क वर करून आला. "म्हाताऱ्या, देऊन टाक ना. तुझ्या जागी येणाऱ्या नव्या पोराला बघायला वरच्या संघाचे साहेब आलेत."

"उद्या बघू देत. उद्यापासून सगळे डाव त्याचेच आहेत. हा माझा."

"आणि या बॅटरने कुंपणापलीकडे भिरकावला तर?" ग्रोगननी विचारलं.

"तर काढून टाका मला."

यादिएलने घाईने मास्क खाली ओढला. अंपायर जवळ आले. "पंचायत संपली का? लोकांना घरी जायचंय."

ग्रोगननी वर बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. मग तो रिकामा तळहात खिशात घातला. "माझ्या अंगाशी येईल हे."

"येईल."

ते परत गेले. यादिएलने बोटांनी वेगवान चेंडू मागितला. ती निव्वळ सभ्यता होती. वेंडेलने नकारार्थी मान हलवली आणि होता तेवढा सगळा संथपणा त्या चेंडूत घातला. धिप्पाड बॅटरची बॅट चेंडूच्या आधीच पोचली. कशीबशी कड लागून चेंडू सरळ आभाळात गेला.

असा झेल पिचरने घ्यायचा नसतो. त्याने बोट वर करायचं आणि बाजूला व्हायचं. तिघे जण "माझा, माझा" करत धावत आले.

"कुणी यायचं नाही," वेंडेल म्हणाला.

तिघेही थांबले.

त्याने झेल घेतला, डाव संपला, संघ बाकाकडे निघाला, तरी वेंडेल पिचरच्या जागेवर उभाच होता. प्रतिस्पर्ध्यांचा पिचर आपला डाव टाकायला आला आणि दोन पावलं लांब थांबला. वेंडेलने आपल्या पावलाने पडलेला खड्डा बुटाने सावकाश बुजवला, माती नीट दाबली, आणि मग त्याला जागा करून दिली.