दोनशे लिंबं आणि पेलाभर पाणी

जावईबापूंनी लिंबाची एक कुंडी उपडी केली, मुळांवर पांढरं काहीतरी पाहिलं आणि लगेच खड्डा खणायला सांगितलं. चौकशी नाही, विचारपूस नाही, एकदम शिक्षा!

"पिठ्या ढेकूण! मुळांवरची कीड," ते म्हणाले. "एका कुंडीत आहे म्हणजे दोनशेच्या दोनशेत असणार. आज संध्याकाळच्या आत सगळी जाळायची."

रोपवाटिकेतली माणसं आत्याकडे बघायला लागली. आत्या कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण तीस वर्षं तिथे कलमं बांधता बांधता सगळ्यांचीच झाली होती. ही दोनशे लिंबं तिच्या हातची. मागच्या वर्षी गाड्यांच्या शेडसाठी आवारातलं जुनं लिंबाचं झाड पाडलं, तेव्हा आदल्या आठवड्यात ती रोज शिडीवर चढून काड्या उतरवत होती. त्या लिंबाचा वास आता फक्त या कुंड्यांत शिल्लक होता. जळाल्या की संपलं. परत कलम बांधायला काडी आणायची कुठून?

"जावईबापू, ती कीड नाही," आत्या म्हणाली. "बुरशी आहे, आणि चांगली आहे. त्या झाडाखालचा कुजलेला पाला मीच मिसळलाय मातीत. त्याच्याबरोबर आलीय ती."

"आत्या, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा तुम्ही मला 'मालकीणबाई' म्हणून हाक मारलीत."

माणसं खो खो हसली. आत्याला झोंबलं. खोटं असतं तर इतकं झोंबलं नसतं.

तसे जावईबापू वाईट नव्हते हो. मालकीणबाईंच्या मुलीशी लग्न झालं, सहा महिन्यांचा कोर्स झाला आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, एवढंच. पण तेव्हापासून गृहस्थ उंटावरून खाली उतरायलाच तयार नव्हता. त्यांचं एक खास टेबल होतं. त्यावर निळ्या कुंड्यांत गुबगुबीत पानांची रोपं. दर सोमवारी ते त्यांना पाकिटातली बुरशीची पावडर चमच्याने मोजून घालायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही मित्रबुरशी बरं का."

मालकीणबाई मधल्यामध्ये अडकल्या. "आत्या, ते शिकून आलेत गं," त्या हळूच म्हणाल्या. "जावयाचा शब्द चारचौघांत कसा मोडू?"

तिकडे माळीदादाची कुदळ चालू झाली होती. प्रत्येक घाव आत्याच्या काळजात बसत होता. तिने उपड्या कुंडीतला मातीचा गोळा उचलून नाकाशी धरला. ओल्या पाल्याचा स्वच्छ वास आला. पांढरे धागे चिमटीत चोळले, तर बोटांना काहीही चिकटलं नाही. तिची खात्री पटली. पण नाकाला आणि बोटांना कळलेलं लोकांना दाखवायचं कसं?

तेवढ्यात चहाचा ट्रे आला. कपांशेजारी पाण्याचा काचेचा पेला होता. आत्याने तोच उचलला आणि मुळाचा एक तुकडा पाण्यात बुडवला.

"बघा सगळ्यांनी."

पांढरे धागे भिजले, मुळाला चिकटले आणि दिसेनासे झाले. खाली नुसतं तपकिरी मूळ राहिलं.

"यात काय मोठंसं? पाण्यात काहीही भिजतं," जावईबापू म्हणाले.

"काहीही भिजतं ना? मग चला तुमच्या टेबलाकडे."

गेला महिनाभर तिकडचा केर आत्याच काढत होती. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग थेट निळ्या कुंड्यांत जायची. ती रांग तिला मोतीबिंदूच्या डोळ्यांनीही दिसायची. मुंगी उगाच कुणाच्या दारात जात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण जावयाला सांगणार कोण? आज मात्र तिने सरळ एक रोप बुंध्याशी धरून कुंडीबाहेर ओढलं. कुंडी आतून पीठ थापल्यासारखी पांढरी झाली होती.

जावईबापूंचा चेहरा खुलला. "बघा! याला म्हणतात मित्रबुरशी. कशी छान वाढलीय!"

 आत्याने त्या रोपाचं मूळ हातातल्या पेल्यात बुडवलं. पांढरे पुंजके मेण लावल्यासारखे कोरडेच्या कोरडे राहिले, वर चकाकी आली. बाहेर काढून झटकलं, तरी कोरडेच. मग तिने एक पुंजका तळहातावर घेऊन नखाने दाबला. चिकट ओलसर डाग पडला. शेजारचा पांढरा दाणा मात्र हळूहळू मनगटाकडे निघाला.

मालकीणबाईंनी चष्मा चढवला आणि वाकल्या. "अगं बाई! याला पाय आहेत!"

"जावईबापू, अभिनंदन," आत्या म्हणाली. "तुमची बुरशी चालायला लागली."

त्यानंतर जे हसू उसळलं, त्यात ट्रेमधले दोन कप फुटले. जावईबापूंचे कान लालबुंद झाले. "म्हणजे इतके दिवस मी किडीला सांभाळत होतो?"

"अगदी लाडाने."

"आणि आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो," मालकीणबाई म्हणाल्या. आता मात्र त्यांनी जावयाची भीड ठेवली नाही. "या निळ्या कुंड्या आत्ताच्या आत्ता लांब न्या. आणि यापुढे मुळांचं काहीही असलं तर आधी आत्याला विचारायचं!"

"मला कशाला विचारता?" आत्या म्हणाली. "मला कुठे दिसतंय!"

जावईबापूंनी मान खाली घातली. पण गड्याने एक चांगलं केलं, सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्या, चुकलं माझं. मला शिकवा."

तेवढ्यात माळीदादा घाम पुसत आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "बाई, खड्डा झाला. लिंबं आणू का?"

सगळे आत्याकडे वळले. आत्याने उपड्या कुंडीतलं ते पहिलं रोप छातीशी धरलं.

"दोनशे नको, एकच," ती म्हणाली. "एवढा छान खड्डा खणलाय, रिकामा कशाला ठेवायचा? तळाला पाला घाल."

शेडच्या अगदी समोर लिंब उभं राहिलं. मुळांवरची पांढरी बुरशी तशीच मातीत गेली. जावईबापूंनी स्वतः पाण्याची झारी आणली. आत्याने एक पान चुरगळून नाकाशी धरलं. तोच वास! तिचे डोळे भरून आले, आणि ते पाणी तिने लपवलं नाही.

"ओता, जावईबापू," ती म्हणाली. "हळूहळू ओता. आणि ती पावडर घरीच ठेवा."