शिवणीखालचं घर

आमच्या कारखान्यात ओले पृथ्वीगोल छताला दोरीनं टांगलेले असतात. खिडकीतून वारा आला की सगळे एकदम संथ फिरायला लागतात. खाली खळ ढवळत बसलेल्या मला वाटतं, आपण कुठल्या तरी समुद्राच्या तळाशीच बसलोय. मग खळीत गुठळ्या होतात आणि बाबांची बोलणी खावी लागतात.

नकाशाच्या छापील पट्ट्या मध्ये फुगीर, टोकांना निमुळत्या. बाबा त्या एकेक करून गोलावर चिकटवतात. ओला कागद ताणला जातोच, त्यामुळे शेवटच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि त्या शिवणीखाली जे असेल ते झाकलं जातं. आजोबांपासूनचा रिवाज असा, की आपल्या गावापासून सुरुवात करून दोन्ही अंगांनी पुढे जायचं. म्हणजे शिवण पडते बरोबर पलीकडे, भर समुद्रात. तिथं कोण बघायला जातंय?

माझी ताई गेली. स्वतःच्या मनानं लग्न करून त्याच समुद्रातल्या, त्या शिवणीखालच्या एका चिमुकल्या बेटावर. तेव्हापासून बाबांनी जो अबोला धरलाय तो आजतागायत. हट्टाला पेटले की ते देवाचंही ऐकत नाहीत.

मी आपली संध्याकाळी मोबाइलवर पृथ्वी उघडते. बोटानं ढकलली की ती झोपेत कूस बदलावी तशी वळते. खाली खाली उतरत गेलं की निळ्यातून हिरवा ठिपका वर येतो, मग रस्ता, मग ताईचं गंजलेल्या पत्र्याचं छप्पर. एकदा बाबांपुढे धरलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. मला असा संताप आला, की दुसरा अख्खा दिवस मीही त्यांच्याशी बोलले नाही.

मध्यंतरी ताईचा फोन आला. तिच्या लेकीला आपल्या आजोबांच्या हातचा गोल हवा होता, आई कुठून आली ते बघायला. बाबांचे हात आता थरथरतात. या खेपेनंतर पट्ट्या मीच लावणार, म्हणजे त्यांच्या हातचा हा शेवटचाच गोल. मी निरोप सांगितला. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून कामाला लागले. जळ्ळा मेला तो स्वभाव, म्हटलं मनात.

गोल वाळला तेव्हा मी सवयीनं शिवण शोधली. समुद्रात नव्हतीच. तिथं ताईचं बेट होतं, अख्खं, मोहरीएवढं. आणि आमचं गाव कुठंच नव्हतं. बाबांनी बेटापासून सुरुवात केली होती.

थोडं सरकवून दुसऱ्या समुद्रात नसती का पाडता आली शिवण, असं मी विचारलं.

"समुद्रातही कुणीतरी राहतं," बाबा म्हणाले. "कुणाचं तरी घर झाकलं जाणारच. या खेपेला आपलं."

मला रडूच आलं. ते मात्र खोक्यात पेंढा भरत बसले.

गोल पोचला त्या दिवशी ताईनं व्हिडिओ कॉल केला. भाचीला तिचं बेट लगेच सापडलं, पण आईचं गाव काही सापडेना. ताईनं गोल फिरवून बघितला. कारखान्याची लेक ती, तिला काय सांगायचं? तिनं लेकीचं बोट धरून शिवणीच्या उंचवट्यावरून हळूच फिरवलं.

बाबा माझ्या मागं येऊन उभे राहिले होते, चष्मा लावून.

"जरा वर," ते ताईला म्हणाले. "हां, तिथंच."