काटा साठवर होता

मी एक जुना मीटर आहे. मित्रांनो, तुमच्या घरातला विजेचा मीटर नव्हे. मी जीपचा वेग सांगणारा मीटर, पुस्तकात ज्याला वेगमापक म्हणतात तो. काळी तबकडी, पांढरे आकडे आणि टोकाला लाल असलेला एक काटा, एवढंच माझं रूप. सध्या शहापूरच्या एका घरात मी खिळ्याला टांगलेला आहे. काटा शून्यावर आहे आणि तो तिथेच राहणार. मला त्याचंच बरं वाटतं. का ते ऐका.

माझा जन्म त्र्याण्णव साली एका कारखान्यात झाला. तिथे मला एक गोष्ट शिकवली गेली, ती म्हणजे जरा वाढवून बोलायचं. गाडी अठ्ठावन्नच्या वेगानं चालली असेल तर मी साठ दाखवायचं. शाळेच्या दिवशी पावणेसातला आई 'सात वाजले, ऊठ' म्हणते ना, तसंच. आहे खोटंच, पण माणसाला सावध ठेवणारं.

माझ्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मीटर चालवणाऱ्याकडे तोंड करून बसतो. रस्ता माझ्या पाठीमागे असतो. गाडीची चाकं फिरली की माझ्या पोटातली लांब तार फिरते, मी तिचे फेरे मोजतो आणि काटा हलवतो. बाकी मला दिसतात ती फक्त माणसांची तोंडं. बारा वर्षं मी रस्त्यावर होतो, पण रस्ता मी कधीही पाहिलेला नाही.

आमची जीप काळी-पिवळी, शहापूर ते मुरबाड माणसं वाहणारी. मालक आणि चालक बाळाराम. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. माझ्या डोक्यावर त्यानं बुद्धाची बोटभर मूर्ती चिकटवली होती. दसऱ्याला नाक्यावरच्या इतर जीपांना झेंडूच्या माळा लागायच्या, आमच्या बॉनेटवर निळा झेंडा लागायचा. पण जीप पुसायची वेळ आली की बाळारामचं फडकं सगळ्यात आधी माझ्या काचेवर यायचं.

"इंजिन गाडीचं पोट," तो मुलीला सांगायचा, "आनि मीटर गाडीची जीभ. पोट बिघडलं तर चालंल, जीभ खोटी नाय पायजे."

रस्त्याकडेच्या पाटीवर वेग चाळीस लिहिला असेल तर माझा काटा चाळीसवरच. मागे बसलेले लोक चिडवायचे, "बाळाराम, पुढं बैल जुंपलेत का रे?" तो हसायचा आणि माझ्या काचेवर बोटानं टकटक करायचा. मुरबाडला शिकणाऱ्या मुलींचे आईबाप त्याचीच जीप शोधायचे. मला फार अभिमान वाटायचा. गर्वाचं घर खाली असतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या आषाढात खर्डीपलीकडच्या एका पाड्यावरून निरोप आला. रखमी नावाची बाई अडली होती, पहिलं बाळंतपण. बाळाराम जीप घेऊन निघाला. पाड्याच्या अलीकडे ओढ्यातल्या खडकांवर जीपचं पोट अडलं. चाकं गरगर फिरत होती, मी वीस दाखवत होतो आणि जीप जागची हलत नव्हती. शेवटी रखमीला झोळीत घालून लोकांनी ओढ्यापलीकडून उचलून आणलं. दवाखान्यात पोचायला फार उशीर झाला. मूल वाचलं, पण अगदी थोडक्यात. मुलगी झाली. तिचं नाव रुपा ठेवलं.

बाळारामला ते लागलं. महिन्याभरात त्यानं जीपला मोठे, उंच टायर बसवले. पुढच्या पावसाळ्यात जीप त्याच खडकांवरून सहज पाड्यात गेली. रखमीचा नवरा कमळू तर जीपच्या पाया पडायचाच बाकी राहिला. सगळ्यांनी बाळारामला दुवा दिला. मनानं मीही दिला.

पण मित्रांनो, टायर बदलले त्याच दिवशी मी बिघडलो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं. मला बिचाऱ्याला फेरे तेवढे मोजता येतात. मी साठ दाखवायचो तेव्हा जीप पासष्टच्या वेगानं पळत असायची. आधी मी वाढवून सांगायचो, आता कमी सांगू लागलो. टायर बदलला की मीटर जुळवून घ्यावा लागतो. टायरवाल्यानं ते सांगितलं नाही, बाळारामनं विचारलं नाही, आणि मला तोंड असून वाचा नव्हती. इंजिनाचा आवाज मला रोज सांगायचा की काहीतरी चुकतंय. माझा काटा मात्र शांतपणे चुकीच्या आकड्यावर जाऊन बसायचा.

अशी सहा वर्षं गेली. आता बाळाराम दुपारनंतर हायवेनं खर्डीच्याही फेऱ्या मारायचा. रखमी उन्हाळ्यात हायवेच्या वळणावर पानाचे द्रोण मांडून करवंदं विकायची. आमची जीप दिसली की एक द्रोण बाळारामसाठी ठरलेला.

मग हायवेवर पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी येऊ लागली. शहापूरच्या नाक्यावर दुसरा विषयच उरला नाही. जीप उभी असली की चहाच्या टपरीवरचं सगळं मला ऐकू यायचं.

"साठची पाटी म्हंजे सत्तर," दुसऱ्या जीपवरचा हरेश म्हणाला. "दहा तर सोडतातच. मशीन चुकतं ना, म्हनून सोडायला लागतं त्यांना."

"दहा नाय, पाच," म्हातारा नथू म्हणाला. त्यानं तीस वर्षं ट्रक चालवला होता. "माझ्या भाच्याला अडुसष्टला धरलाय. फोटोच दाखवला."

"झाडामागं लपून फोटो काढतात. हिंमत हाय तर समोर उभं राहा."

"तू पाटी बघून चालवतोस का पोलिस बघून, ते सांग पयलं."

सगळे हसले. हरेश बाळारामकडे वळला. "तू बोल रे. तुजा तर हरिश्चंद्राचा मीटर."

"मला कोनाची सूट नको," बाळाराम म्हणाला. "मीटर थोडा जास्तच दाखवतो, कंपनीचा नियमच हाय तो. काटा पासष्टवर असला तर गाडी साठवर. आपलं आपल्यापाशीच सुटतं."

मी हादरलो. कारण तेव्हा काटा पासष्टवर असला तर जीप सत्तरवर असायची.

आठच दिवसांत आम्हाला अडवलं. पोलिसानं पडद्यावर फोटो दाखवला: आमची जीप, आमचा नंबर आणि सत्तर. बाळारामचा चेहरा उतरला. पावती त्यानं खिशात घातली, पण नाक्यावर परत आल्यावर माझ्या काचेवर तळहात ठेवून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"हा बारा वर्सं माझ्या समोर बसलाय. यानं मला कवा फसवलं नाय. मशीन चुकलंय."

मित्रांनो, कोणी आपली बाजू घेतली की बरं वाटतं. मला त्या दिवशी पळून जावंसं वाटलं.

तरी बाळारामनं एक केलं. त्या दिवसापासून काटा साठच्या वर एक रेघही जाऊ दिला नाही. "आता बघू, कोन काय बोलतो," असं स्वतःशीच म्हणायचा.

त्याची मुलगी संघरत्ना तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात विज्ञान शिकत होती. पुढच्या सीटवर बसायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. एकदा हायवेला लागल्यावर तिनं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरलं.

"बाबा, काटा साठवरच ठेवा जरा."

"साठवरच हाय."

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तिनं सेकंद मोजले. मग पुन्हा मोजले, आणि तिसऱ्यांदाही.

"साठचा स्पीड असंल तर एका किलोमीटरला साठ सेकंद लागले पायजेत," ती म्हणाली. "आपल्याला पंचावन्न लागतात. तीनदा मोजलं. बाबा, गाडी पासष्टवर हाय. त्या फोटोतबी पाचच जास्त होते. मीटर चुकतोय."

हेच ते! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पोरी, बरोबर आहेस तू. काटा थरथरला असेल माझा, पण जीपच्या धक्क्यात तो कोणाला दिसणार?

बाळारामनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "दगड कोनी मोजून लावलेत गो? कंत्राटदारानं खड्डा सोपा दिसला तिथं ठोकले."

"तिन्ही दगड एकसारखे चुकले काय?"

"घड्याळ तुजं, दगड त्यांचा, आनि मीटर माझा," तो म्हणाला. "माझा मला ठावं."

 चार महिने तिनं तो विषय काढला नाही. कधीकधी मात्र तिची नजर घड्याळावर जायची, ओठ हलायचे आणि मला कळायचं की ती मोजते आहे. तिला मोजताना बघून मला भीती वाटायची.

दोन हजार पाच सालचा मे महिना. खर्डीला लग्न होतं, नवरी संघरत्नाच्या वर्गातली. जीपमध्ये दाटीवाटीनं वऱ्हाड बसलं होतं आणि उशीर झाला होता.

"बाळाराम, हाण जरा! अक्षता पडल्या तर काय नुसतं जेवायला जायचं?" मागून एक बाई म्हणाली.

"काटा साठवर हाय, मावशे. एक रेघ वर नाय जानार."

संघरत्नानं घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, वळण हाय पुढं. थोडं कमी करा ना."

"साठची पाटी हाय. साठच हाय."

पुढचं मी तुम्हाला तोंडांवरूनच सांगू शकतो. आधी बाळारामचे डोळे मोठे झाले. संघरत्नाचा हात छातीवर गेला. बाळारामनं ब्रेकवर सगळा भार टाकला. चाकं जागीच आवळली गेली, माझी तार थांबली आणि माझा काटा एका क्षणात शून्यावर येऊन पडला.

मी शून्य दाखवत होतो आणि जीप अजून घसरत होती. टायर किंचाळत होते, माणसं किंचाळत होती आणि मी सांगत होतो, थांबली, थांबली. ते माझं सगळ्यात मोठं खोटं.

नंतर माणसांच्या बोलण्यातून मला कळलं. वळणावर एक म्हैस रस्त्यात आली होती. तिला चुकवताना जीप कडेला गेली. कडेला रखमी होती. आमची जीप ओळखून ती द्रोण घेऊन उठली होती. रुपाला तिनं लांब ढकललं, म्हणून रुपाला खरचटलंसुद्धा नाही. रखमी जगली, पण तिचा उजवा पाय पुन्हा सरळ झाला नाही.

हेही नंतरच ऐकलं: रखमीला दवाखान्यात नेल्यावर संघरत्ना रस्त्यावर घसरल्याच्या खुणेशेजारून पावलं मोजत चालली. शेवटी जिथे करवंदं सांडली होती तिथे थांबली. "पाच पावलं," ती म्हणाली. "गाडी खरंच साठवर असती तर पाच पावलं अलीकडं थांबली असती." ती कोणाला सांगत नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं.

पंचनाम्याला पोलिस आले. हरेशची जीपही मागून आली होती. तो खिडकीतून आत वाकला आणि बाळारामच्या कानाशी म्हणाला, "काटा साठवर होता, तेवडंच बोल. सगळ्या वऱ्हाडानं बघितलाय. त्यात खोटं नाय रे काय."

खोटं नव्हतंच. बाळारामचं नाव, त्याचा परवाना, नाक्यावरची त्याची सगळी इज्जत त्या एका वाक्यात शाबूत राहिली असती.

"स्पीड किती होता?" पोलिसानं विचारलं.

बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत त्यानं मला हजारदा पाहिलं असेल, पण असं कधीच नाही.

"मीटरवर साठ होता, साहेब," तो म्हणाला. "पन गाडी पासष्टवर होती. माझ्या पोरीनं घड्याळ लावून सांगितलं होतं मला, चार महिने झाले. मी ऐकलं नाय. ह्ये पन लिवा."

पोलिसानं तेही लिहिलं. संघरत्ना रडू लागली.

त्यानंतर बाळारामनं जीप चालवली नाही. विकण्याआधी मला मात्र काढून घेतलं. घरात माझ्या शेजारीच आता एक घड्याळ टांगलेलं आहे. संघरत्ना शिक्षिका झाली आहे. वेगाचा धडा आला की ती मला वर्गात घेऊन जाते आणि मुलांना सगळं सांगते, बापाचं नावसुद्धा लपवत नाही. दर उन्हाळ्यात बाळाराम खर्डीला जातो आणि रखमीच्या करवंदांच्या पाट्या पाड्यावरून वळणापर्यंत स्वतः वाहून नेतो. चालत.

मित्रांनो, पाटीवरच्या आकड्यात पाच वाढवायचे की दहा, यावर नाक्यावर अजूनही वाद चालतो. मला त्यात पडायचं नाही. मी एवढंच मागतो: आमच्यासारख्यांची काच पुसता, तशी अधूनमधून आमची परीक्षाही घ्या. आणि शेजारी बसलेलं कोणी घड्याळ बघून हळूच 'चुकतंय' म्हणालं, तर त्याच दिवशी गाडी कडेला घ्या. आम्हाला रस्ता दिसत नाही. तिला दिसत होता.