सलामकाकांचा नातू

"अहो, या लवकर! तुमचे साहेब उठले!"

आजीची हाक आली तसे सलामकाका अर्धी दाढी तशीच ठेवून, गालावरचा साबण पुसत पाळण्याशी धावले. सहा महिन्यांच्या नातवानं नुकतेच डोळे उघडले होते. बघता बघता त्याची मान खाली झुकली, दोन्ही हात एकदम वर उडाले, क्षणभर तसेच राहिले आणि खाली आले. काकांनी ताडकन टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. नातू पुन्हा झुकला, काकांनी पुन्हा ठोकला. असं पाच-सहा वेळा चाललं आणि मग पोरानं भोकाड पसरलं.

"झालं! संपली साहेबांची परेड," आजी म्हणाली. सूनबाई तर हसून हसून बेजार. तिनं सगळा प्रकार मोबाईलमध्ये उतरवून घेतला होता. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी होता ना, त्याला लेकाचे प्रताप दाखवायला नकोत?

"रक्तातच आहे त्याच्या," काका म्हणाले. "मला जन्मात कुणी सलाम केला नाही. हा एकटा सगळी भरपाई करतोय. सूनबाई, मलाही पाठव तो व्हिडिओ."

काका मुलांच्या मेंदूच्या दवाखान्याचे वॉचमन. त्यांचा सलाम असा खणखणीत की खरं नाव सगळे विसरून गेले होते. गेटमधून येणारं प्रत्येक पोर त्यांना तोंडपाठ. कुणाला तापात फिट यायची. कुणी बोलता बोलता मध्येच हरवल्यासारखं बघत राहायचं आणि लक्ष नाही म्हणून शाळेत मार खायचं. कुणी डोकं धरून उलट्या करायचं, तर कुणाचे डोळे सारखे मिचकायचे. घाबरलेल्या आईबापांना काका एकच सांगायचे, "डॉक्टरबाई आहेत ना, मग काळजी कसली?" आणि त्यातली बरीचशी पोरं पुढे उड्या मारत यायची, हे खरंच होतं.

पण काही पोरांना काका मनातल्या मनात 'कडेवरची' म्हणत. ती वयानं वाढली तरी आईच्या कडेवरच यायची. मान एका खांद्यावर, पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबलेले. त्यांच्यासाठी काका गेट सताड उघडायचे आणि दुसरीकडे बघायचे.

त्या दिवशी बाईंची गाडी आली तेव्हा काकांनी सलाम ठोकला आणि काचेपाशी वाकले. बाई म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टर, बोलायला तुटक पण पोरांच्या लाडक्या.

"बाई, एक मिनिट. आमच्या घरचा नवा वॉचमन बघा." त्यांनी मोबाईल पुढे धरला.

बाई हसत बघायला लागल्या. दुसऱ्या सलामाला हसू गेलं. तिसऱ्याला त्यांनी मोबाईलच काढून घेतला आणि गाडी तिथेच बंद करून खाली उतरल्या. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कधीपासून करतोय हे?"

"झाला असेल आठवडा. उठला की लगेच करतो. लबाड आहे, बाई."

"काका, हसतो का तो?"

"म्हणजे काय! हसतो की," असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. मागच्या महिन्यात हसायचा. चुटकी वाजवली की खिदळायचा. आता चुटकी वाजवली तर तो नुसता छताकडे बघतो. दात येत असतील, म्हणून किरकिरा झालाय, असं आजी म्हणाली होती.

"आत्ता घेऊन या त्याला," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी नाही, उद्या नाही. आत्ता. गेटवर मी माणूस ठेवते."

बाळाला दूध पाजून झोपवलं आणि त्या एवढ्याशा डोक्याला जागोजागी वायरी चिकटवल्या. पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण लहान पोरानं भिंतीवर पेन्सिलीनं गिरगटावं तशा त्या दिसत होत्या. एरवी चुरूचुरू बोलणारी यंत्रावरची मुलगी आज गप्प होती. तिच्या गप्प बसण्याचीच काकांना भीती वाटायला लागली.

बाईंनी काका, आजी आणि सूनबाईला समोर बसवलं. "हा सलाम नाही. ही आकडी आहे. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला की लोक धावत येतात. ही अशी गुपचूप येते. लोकांना वाटतं बाळ दचकलं, पोट दुखलं, खेळतंय."

"आम्ही हसत होतो हो," सूनबाई एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली.

काका उभे राहिले. बाईंसमोर बसायची त्यांना सवयच नव्हती. "बाई, एकच विचारतो. कडेवरचा होईल का हो तो?"

हा शब्द बाईंनी आधी कधी ऐकला नव्हता, पण अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही. काका वाट बघत होते. मी आहे ना, मग काळजी कसली, असं त्या म्हणतील म्हणून ते अक्षरशः त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"आत्ता नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "आजपासून औषध सुरू करू. आधी हे झटके पूर्ण थांबायला हवेत. मग तो परत बघायला लागतो का, हसतो का, ते बघायचं. लवकर सापडलंय, ही आपली जमेची बाजू. याच्यापुढे मी काही बोलले तर ते खोटं होईल."

पोरगं औषधानं सुजलं, गाल टम्म फुगले, रात्रंदिवस किरकिर. पण खरी भीती त्याच्या झोपेची होती, म्हणजे झोप संपण्याची. पाळणा जरा हलला की घरात सगळ्यांचे श्वास अडकायचे. ज्या सलामासाठी धावत यायचे, तोच येऊ नये म्हणून आता तिघं जीव मुठीत धरून उभी. आणि तो यायचाच. मान झुकायची, हात उडायचे. एकदा आजीचा तोल गेला. "तुम्हीच उत्तरं देत होतात त्याला! तुम्हीच लाडावलंत त्या दुखण्याला!" ती ओरडली. मग स्वतःच काकांच्या पाठीवर हात फिरवत बसली. पण ते वाक्य काकांच्या मनातून हलेना.

गेटवर त्यांचा हात वर जाईना. गाडी दिसली की कोपरापर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. डोळ्यांसमोर पाळणा यायचा.

"काय काका, सलामावर टॅक्स बसला काय?" समोरच्या चहावाल्यानं विचारलं.

एकदा बाईंच्या गाडीशी ते खाली मान घालून म्हणाले, "रागावू नका बाई. हात जात नाही वर."

"मला कधी हवा होता?" बाई म्हणाल्या. "गेट तेवढं उघडा, पेशंट थांबलेत."

मग एका सकाळी पोर उठलं आणि झुकलं नाही. आजी काही बोलणार तर सूनबाईनं तिचा हात दाबला. दुपारी उठलं, तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात कुणी आनंद बोलून दाखवला नाही, दृष्ट लागेल अशी भीती. आणि पोर अजून छताकडेच बघत होतं. काका चुटकी वाजवायला जायचे आणि मध्येच थांबायचे. नाहीच बघितलं तर?

असेच काही दिवस गेले. एकदा काका युनिफॉर्म चढवून, टोपी काखेत मारून, निघता निघता पाळण्यावर वाकले. पोरानं डोळे उघडले. आणि त्याचा हात वर उचलला गेला.

सूनबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. आजीनं डोळे गच्च मिटले. काका जागच्या जागी थिजले. "नको रे राजा," ते पुटपुटले, "नको."

पण हात एकच होता. आणि तो उडाला नव्हता, सावकाश येत होता, चाचपडत, मध्येच रस्ता चुकत. मान सरळ होती. डोळे छतावर नव्हते, काकांच्या छातीवर होते. तिथे युनिफॉर्मचं पितळी बटण चकाकत होतं. पाच बोटं त्याच्याभोवती मिटली आणि पोरानं ते जीव खाऊन ओढलं.

काका वाकलेलेच राहिले. कंबर भरून आली, ड्युटीची वेळ झाली, टोपी कधीच खाली पडली होती.

"बाबा, हात सोडवू का त्याचा?" सूनबाईनं हळूच विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. "गेट उघडेल कुणीतरी."