लाकडातला गोंद

महाल या जुन्या वस्तीत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ताराचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. वडील गेल्यावर तिनंच ते चालवलं. सहा वर्षांपूर्वी गोपाळराव एक अलार्मचं घड्याळ घेऊन तिथे आले. ते दुरुस्त होऊन हातात पडल्यावर त्यांनी पिशवीतून हातभर लांबीचा लाकडी पंखा काढला. "पाय बरं तारा, याचं एक पातं जड आहे. तुह्या हाताले समजते का?"

गोपाळराव आयटीआयचे निवृत्त शिक्षक. रिमोटवर उडणारी विमानं स्वतः बांधायचे आणि रविवारी सकाळी उमरेड रोडच्या पुढे एका मोकळ्या माळावर आठदहा शौकिनांबरोबर उडवायचे. पंख्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची नसली की इंजिन थरथरतं, स्क्रू ढिले होतात, विमान हवेतच खिळखिळं होतं. ताराने पंख्याच्या भोकातून बारीक दांडी घातली आणि ती दोन चुंबकांच्या मध्ये तरंगती ठेवली. जड पातं सावकाश खाली आलं. तिनं ते पॉलिश पेपरनं घासलं, पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा घासलं. तासाभरानं पंखा कसाही फिरवून सोडला तरी सोडला तिथेच थांबायला लागला. गोपाळराव खुशीत हसले. तेव्हापासून माळावरचा प्रत्येक पंखा तिच्या हातून जाऊ लागला, आणि रविवारी तीही त्यांच्याबरोबर जाऊ लागली.

त्या रविवारी गोपाळरावांचं नवं विमान पहिल्यांदा उडणार होतं. मोठं, पेट्रोल इंजिनचं. त्याचा पंखा तिनं बुधवारीच जुळवून दिला होता. त्या शौकिनांपैकी, वाडीत गोडाऊन असलेला दुर्गेश विमानाची शेपूट धरून बसला. इंजिन सुरू झालं. तारा नेहमीसारखी मागे उभी होती.

"तारा, इकडे समोर ये वं जरा," गोपाळरावांनी हाक मारली. "ऐक बरं, कसं चालून राहिलं."

फिरत्या पंख्याच्या समोर किंवा बाजूला कोणी उभं राहायचं नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण बोलावणारे तेच होते. ती पुढे गेली, पंख्याजवळ वाकली. त्यांनी रिमोटवर इंजिनला पूर्ण जोर दिला.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. कोणीतरी दंडावर दगड मारला असं ताराला वाटलं. कोणी मारला म्हणून तिनं मागे वळूनही पाहिलं. मग खाली पाहिलं तर डाव्या दंडात, कुर्त्याच्या बाहीतून आरपार, पंख्याच्या लाकडाचा तुकडा उभा होता. दुखत नव्हतं. हात आपला नाहीच, कोणा दुसऱ्याचा आहे, अशी ती त्याच्याकडे बघत राहिली. इंजिन आपल्या जागेवरून उखडून गवतात पडलं होतं. दुर्गेश ओरडत होता, "ताई, काढू नका! हात लावू नका त्याले!" बाही कोपरापर्यंत लाल झाली तेव्हा कुठे ती खाली बसली.

"मीच जास्त घासलं," ती पुटपुटली. "माह्या हातून झालं."

गोपाळरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी रिमोट गवतात ठेवला.

दवाखान्यात अकरा टाके पडले. डॉक्टरांनी तुकडा एका छोट्या बाटलीत घालून तिच्या हातात दिला. "थोडा वर लागला असता तर मान होती," ते म्हणाले. ते वाक्य पुढचे चार दिवस तिच्या डोक्यातून गेलं नाही. मान माझी होती म्हणून ठीक, दुर्गेशची असती तर? डोळे मिटले की तिला पॉलिश पेपर दिसायचा.

गोपाळरावांचा रोज फोन यायचा. "ताप नाही ना वं?"

"नाही काका. माफ करा मले. एवढं मेहनतीनं बांधलेलं विमान गेलं तुमचं."

"असू दे. होते असं."

गुरुवारी तिनं दुकान उघडलं. एका हातानं काम होईना. मग बाटलीतला तुकडा तिनं काढला, पुसला, आणि घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून पाहिला. आपण कुठे चुकलो ते तिला बघायचं होतं. तुटलेल्या कडेवर लाकडाचे तंतू दिसायला हवे होते. अर्ध्या कडेवर तंतू नव्हतेच. तिथे काचेसारखा पातळ, चकचकीत थर होता, त्यात बारीक बुडबुडे. झटपट चिकटणारा गोंद. आणि वरून, भेग झाकेल इतकाच, ताज्या रंगाचा हात.

भिंग डोळ्यावरून गळून टेबलावर पडलं. बुधवारी तिनं दिला तो पंखा अखंड होता.

दुपारी ती गोपाळरावांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी दार उघडलं. "अगं, अशा हातानं कशाले आली वं?" म्हणत त्या पाणी आणायला आत गेल्या. ताराने तुकडा गोपाळरावांसमोर ठेवला.

"काका, हा कधी तुटला होता?"

त्यांनी तुकडा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "शनिवारी. विमान टेबलावरून घसरलं. बारीकशी चीर होती."

"चिरलेला पंखा मोडून फेकायचा, हे तुम्हीच सांगता ना सगळ्याले? मग काहून नाही फेकला?"

"रविवारी सगळे येणार होते. वाटलं, एक चक्कर चालून जाईल."

"आणि मले समोर काहून बोलावलं?"

"गोंदानं वजन बिघडलं का, हे तुह्या कानालेच समजलं असतं."

दंडात लाकूड घुसलं तेव्हा ताराला दुखलं नव्हतं, ते आता दुखलं. ज्या पंख्याचा भरवसा त्यांना स्वतःला नव्हता, त्याच्यासमोर त्यांनी तिला उभं केलं होतं.

"चार दिवस मी माफी मागून राहिली काका," ती म्हणाली. "आणि तुम्ही ऐकून राहिले."

कुसुमताई पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकल्या होत्या. "हे खरं आहे का जी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. गोपाळरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तारा पाणी न पिताच उठली.

रविवारी दुपारी दुर्गेशचा फोन आला. गोपाळराव माळावर आले होते, विमान न घेता. सगळ्यांना गोळा करून त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ताराला समोर कशासाठी बोलावलं तेसुद्धा. मग ते बसनं परत गेले.

ताराचा दंड भरायला दोन महिने लागले. गोपाळरावांचे फोन ती उचलत नव्हती. एक दिवस उचलला.

"दुकानावर येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या," ती म्हणाली. "पण पंखा आणू नका."

मंगळवारी ते रिकाम्या हातानं आले, स्टुलावर बसले. ताराने चहा सांगितला. दोघांनी तो प्यायला, कुसुमताईंच्या गुडघेदुखीबद्दल दोनचार वाक्यं झाली आणि ते गेले. जिन्यावरून त्यांची पावलं उतरेपर्यंत तारा उघड्या घड्याळाकडे नुसती बघत होती. मग तिनं चिमटा उचलला आणि काम सुरू केलं.