एव्हांथिया मावशीची सुट्टी

एव्हांथिया मावशीनं आमच्या रिसॉर्टमध्ये अठ्ठावीस वर्षं खोल्या आवरल्या. मला चादर ताणायला तिनंच शिकवलं; आता खोल्यांचा कारभार माझ्याकडे आहे. जेवताना म्हणायची, "जन्म गेला बकऱ्यांच्या वासात. एकदा तरी इथं पाहुणी म्हणून झोपणार बघ."

काम सुटलं आणि दोन वर्षांतच ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गावातल्या गल्ल्या, मग माणसं. यंदा एप्रिलमध्ये तिच्या धनगर नवऱ्याचा, मानुसोसकाकांचा फोन आला. "कालिरोई, समुद्राकडची एक खोली दे गं. ती जागा तिला आठवेल. जागेबरोबर कदाचित मीही आठवेन."

काका लग्नकार्यातला काळा कोट घालून तिला घेऊन आले. मी दोघांचं जेवण वर पाठवलं, तळलेली मासळी आणि रानभाजी. अर्ध्या तासात काकांचा फोन. "जरा वर ये. तिनं पलंग उघडा केलाय."

चादरींचा ढीग दाराशी पडला होता. ताटांना कुणी हात लावला नव्हता. मला बघताच मावशी म्हणाली, "उशीर केलास, कालिरोई. टॉवेल कुठायत?"

तिनं मला ओळखलं. मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली, कारण काका बाल्कनीत उभे होते.

मावशीनं आवाज खाली आणला. "ते म्हातारे साहेब एकटेच आलेत. बायको गेली असणार. सकाळपासून माझ्याकडे बघून डोळे पुसतायत." मग मोठ्यानं म्हणाली, "साहेब, तुम्ही खाली जाऊन कॉफी घ्या. तोवर मी आवरते."

चाळीस वर्षं ती त्यांना 'अरे मानुसोस' म्हणत आली होती. काका मान हलवून खाली गेले. मीही गेले. कॉफी समोर घेऊन काका म्हणाले, "घरी मला गडी समजते. इथं साहेब झालो. बढतीच म्हणायची."

आम्ही परत वर आलो तेव्हा खोली लखलखीत होती. काकांनी विचारलं, "बाई, तुमचे मालक काय करतात?"

"मालक कसला, धनगर आहे. तोंडानं फटकळ. पण रोज मला न्यायला येतो."

"मी सोडू घरी?"

"नको साहेब. तो मागच्या फाटकाशी उभा असेल. मी दिसले नाही तर घाबरतो."

काका खाली गेले, पाहुण्यांच्या पार्किंगमधून आपली जुनी गाडी काढली, मागच्या फाटकाशी नेली आणि भोंगा वाजवला. मावशीनं घाईघाईनं हात पुसले आणि नोकरांच्या जिन्यानं उतरली. मी मागोमाग होते.

गाडीचं दार उघडून ती म्हणाली, "किती वेळ लावलास रे, मानुसोस?"

"बकऱ्या पांगल्या होत्या," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही रडू आवरलं नसतं. त्या पलंगावर कुणी झोपलं नाही.

पुढं घरीही काका रोज गाडी काढून रस्त्यावर नेत आणि दाराशी येऊन भोंगा वाजवत. मावशी बाहेर येई, उशिरावरून बोलणी ऐकवी, आणि तेवढा वेळ ती त्यांची असे.

जूनमध्ये ती बाहेर येईनाशी झाली. परवा पावाच्या दुकानात काका भेटले. म्हणाले, "खिडकीतून बघते आता. शेजाऱ्याला सांगते, कुणाचा तरी नवरा आलाय."