घासलेला हौद

"हिरवं दिसलं म्हणून घासायचं नाही. ते शेवाळच तुमचा कामगार आहे." संभाजीनगरच्या कॉलेजातून शेवाळाचा कॅन देताना चारुता मॅडमनी बजावलं होतं.

सरितानं रिकाम्या हौदात हात घातला. बोटांना तळाची गुळगुळीत फरशी लागली. हाताला ब्लिचिंग पावडरचा उग्र वास आला.

पैठणच्या या घरच्या कारखान्यात पैठणीचं रेशीम रंगवलं जाई. उरलेलं लाल पाणी आठ-दहा दिवस हौदात ठेवलं, की उन्हात शेवाळ त्यातला रंग खाऊन टाकी. मगच ते नाल्यात सुटे. पाच महिने तिनं ते शेवाळ जपलं होतं.

"कुणी केलं हे?"

"मी," ओल्या सतरंज्या दोरीवर टाकत सासू मनकर्णाबाई म्हणाल्या. "उद्या घट बसायचे. घर धुऊन काढलं अन् दारात ही घाण ठेवू व्हय? दोन बाया लावून घासून घेतला."

"मला विचारायचं तरी!"

"हौद धुवायला आता सुनेची परवानगी लागती का?"

सरितानं हातातला मग फरशीवर आपटला. आवाज ऐकून नवरा, गोकुळ, आतून आला.

"लई तमाशा नको. सकाळचं लाल पाणी नाल्यात सोडलं मी. शेवाळच नाय, तर हौदात ठेवून त्याची पूजा करू?"

"सोडलं? लक्ष्मीबाईंची विहीर नाल्याला लागून आहे. चारला वीज आली की मोटर लावतील, म्हशींना पाणी पाजतील."

"पाजू दे. दोन दिसांत वाहून जातं."

"गेल्या वर्षी त्यांचं रेडकू मेलं याच पाण्यानं. मी शब्द दिलाय त्यांना, पाणी सुटलं तर आधी सांगेन."

"सांग! अन् ती तक्रार करील. कारखाना बंद पडला तर काय खाशील, शेवाळ?"

सरिता फाटकाकडे वळली. तिनं पदर खोचला.

मनकर्णाबाईंच्या हातातली सतरंजी तशीच लोंबत राहिली.

"रेडकू आपल्या पाण्यानं मेलं?" त्यांनी लेकाला विचारलं.

गोकुळनं मोबाइल काढला आणि खाली बघू लागला.

सरिता फाटकाशी पोचली.

"थांब."

"अडवू नका, आई."

"अडवत नाय. हौद मी धुतला. तू एकटी काय सांगणार तिला?"

मनकर्णाबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले, पायात चपला सरकवल्या. साडेतीन वाजले होते. सरिताच्या पुढं होऊन त्या नाल्याच्या वाटेला लागल्या.